पाठ फिरवून बसलेल्या काकूंना

प्रिय काकू,

त्या दिवशी डबीतल्या कागदावर मी फक्त तारीख आणि नाव लिहिलं. कागद जेमतेम बोटभर रुंद, घट्ट सुरळी केलेला, आणि आधी येऊन गेलेल्यांच्या सह्या त्यावर दाटीवाटीने बसलेल्या. आणखी काही लिहायला जागाच नव्हती. घरी येऊन ऑनलाइन नोंद करायला बसले तर तिथे जागा हवी तेवढी, पण शब्द सुचेनात. जिओकॅशिंगच्या, म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेल्या डब्या शोधण्याच्या, या छंदात आभार मानायची एक ठरलेली रीत आहे. टीएफटीसी, अशी चार अक्षरं, म्हणजे डबीबद्दल धन्यवाद. मी ती टाइप केली, खोडली, परत टाइप केली, परत खोडली. तुमचे आभार त्या चार अक्षरांत उरकले असते तर मला झोप लागली नसती. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ज्यांना हे वाचायची खरी गरज आहे असे काही लोक मला तुमच्याआधी भेटले होते.

(अशा डबीसाठी खरा शब्द ‘कॅश’ आहे हे मला ठाऊक आहे. पण ‘कॅश शोधायला चाललेय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोटा येतात. तुम्ही ‘डबी’ म्हणता, मीही आता डबीच म्हणते.)

त्या लोकांचं आधी सांगते, म्हणजे तुमचं मोल कळेल.

पहिले होते ओळखीतले एक गृहस्थ. शेकडो डब्या शोधून झालेले, या छंदाची ओळख मला त्यांनीच करून दिली आणि पहिल्यांदा सोबत नेलं तेही त्यांनीच. तेवढ्यापुरतं त्यांचं ऋण मी नाकारत नाही. कुणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, बाकीच्यांनी जीपीएसच्या आधाराने तिथवर पोचायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशी जागेवर ठेवायची. एवढं ऐकूनच मी हरखून गेले होते. पण त्या दिवशी आम्ही जागेवर पोचलो, मी अजून फोनवरचा बाण कुठे वळतोय ते बघत होते, आणि यांनी एका बाकाखाली हात घातला, डबी काढली आणि माझ्यापुढे नाचवली. “ही घ्या. यात काय आहे एवढं!” मी सही केली. ती सही आजही माझ्या नावावर पहिली म्हणून मोजली जाते, आणि ती मला एक दिवसही माझी वाटलेली नाही.

मग मी या छंदातल्या लोकांच्या एका मेळाव्याला गेले. तिथे सगळे आद्याक्षरांत बोलत होते. डीएनएफ, एफटीएफ, डी, टी. मी एकाला विचारलं, डी आणि टी म्हणजे काय हो? त्याने शेजारच्याकडे बघून हसू दाबलं आणि म्हणाला, “हे घरून वाचून यायचं असतं.” दहा सेकंदांचं उत्तर होतं, काकू. डी म्हणजे शोधायला किती अवघड, टी म्हणजे पोचायला वाट किती अवघड, दोन्ही एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने वाढत जाणारे. बस. तेवढं सांगायला त्याचं काय जात होतं? नवीन माणूस दारात उभा असताना आतून कडी लावून घेणाऱ्यांचा मला आजही राग येतो. तो मी लपवणार नाही.

आणि तिसरी व्यक्ती, जिने मोठ्या आपुलकीने सल्ला दिला: डबी सापडली नाही तर नोंद करू नकोस, नावापुढे वाईट दिसतं, लपवणाऱ्यालाही बरं वाटत नाही. हा सल्ला मी ऐकला नाही, हे या सगळ्या गोष्टीतलं माझं एकमेव शहाणपण. ऐकला असता तर तुम्ही मला भेटलाच नसता.

तुम्ही पुलावर लपवलेली डबी मी शोधायला निघाले ती एकटीच. कुणी सोबत नको, असं ठरवूनच. संकेतस्थळावरचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि फोनच्या नकाशात हाताने भरले. फोनने मला एका जुन्या दगडी भिंतीपाशी नेलं. मी तास-दीड तास त्या भिंतीची फट न् फट तपासली. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले, टॉर्च घेऊन. काही नाही. दोन्ही वेळा घरी येऊन नोंद केली, न सापडल्याची, आणि अगदी सविस्तर. कुठल्या बाजूने सुरुवात केली, कुठले दगड हलतात, वेल कुठे दाट आहे, सगळं लिहिलं. कुणी वाचेल म्हणून नाही. दोन रविवार गेले, त्याचा काहीतरी पुरावा उरावा म्हणून.

तुम्ही वाचलंत. आणि तुमचा तो निरोप आला, जो मी अजून जपून ठेवलाय: “तुम्ही भिंतीचं वर्णन फार छान केलंय, पण माझ्या डबीच्या आसपास भिंतच नाही. आकडे कसे भरलेत ते सांगाल का?”

पहिल्यांदाच मला कुणीतरी प्रश्न विचारला होता, काकू. तोवर सगळ्यांनी उत्तरंच दिली होती.

गोम आकड्यांच्या लिहिण्यात होती. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि मिनिटं लिहितात, आणि मिनिटांच्या पुढे दशांशात तीन आकडे. मी ते तीन आकडे सेकंद समजून भरत होते. समजा पुढे 345 असेल तर ते मिनिटाचे हजारातले 345 भाग, म्हणजे 20.7 सेकंद. मी भरायचे 34.5. फरक दिसायला चौदाएक सेकंदांचा, पण अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे 31 मीटर असतो. म्हणजे नुसत्या उत्तर-दक्षिण दिशेतच सव्वाचारशे मीटरची चूक. दोन रविवार मी भलत्याच गावी पत्ता विचारत फिरत होते म्हणा ना. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. “अंश-मिनिटं-सेकंद आणि अंश-मिनिटं यांत काय फरक पडतो ते एकदा कागदावर मांडून बघा,” एवढंच लिहिलंत. मी रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले आणि आकडा सुटला तेव्हा घरातले सगळे झोपले होते. कुणाला सांगू असं झालं. पहिल्यांदा तुम्हालाच कळवलं.

तिसऱ्या खेपेला मी बरोबर जागी पोचले. तो लहानसा पूल, खालून जाणारं पाणी, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. (कुठला पूल ते इथे लिहीत नाही. पुढच्या माणसाची मजा घालवायला मी हे पत्र लिहीत नाहीये.) आणि तिथेही नाही सापडली. लोक येत-जात होते. एकाने थांबून विचारलं, काही हरवलंय का? दुसऱ्याने काही न विचारता नुसतं टक लावून बघितलं, ते जास्त बोचलं. एकट्या बाईने पुलाच्या कठड्याला चाचपत उभं राहणं लोकांना रुचत नाही. मी बूट बांधायचं नाटक केलं, फोनवर बोलायचं नाटक केलं, आणि शेवटी निघून आले. तिसरी नोंद फक्त एका ओळीची होती. तुम्हाला त्या एका ओळीतच काय ते कळलं असावं.

“रविवारी सकाळी डबी जागेवर आहे की नाही ते बघायला मी जाणारच आहे. यावंसं वाटलं तर या.”

मी आले. खरं सांगू? मनाची तयारी करून आले होते की आता तुम्ही हात घालाल, डबी काढाल, माझ्यापुढे धराल, आणि मी हसून आभार मानून घरी जाईन आणि परत कधी या फंदात पडणार नाही. लहानपणापासून हेच होत आलंय. मी कोडं सोडवायला घेतलं की मागून कुणीतरी डोकावून उत्तर सांगायचं. गणित अर्धं झालं की दादा पेन्सिल ओढून घ्यायचा, “दे इकडे, मी करतो.” प्रेमानेच सगळं. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण एखादी गोष्ट मी स्वतःच्या हाताने शेवटापर्यंत नेली, असं सांगायला माझ्याकडे फार थोडं आहे.

तुम्ही पुलापाशी उभ्या होतात. “दगडी भिंतवाल्या तुम्हीच ना?” असं म्हणून हसलात, आणि त्या हसण्यात मला कमी लेखणारं काही नव्हतं. मला म्हणालात, जरा त्या झाडाकडे तोंड करून उभ्या राहा. मी राहिले. मिनिटभराने मागून आवाज आला, “आहे. जागेवर आहे.” आणि मग तुम्ही पुलाच्या टोकाशी असलेल्या दगडावर जाऊन बसलात. पुलाकडे पाठ करून.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, गुडघे दुखत असतील. मी विचारलं, “काकू, तुम्ही बघणार नाही?”

“बघितलं तर माझी नजर तिकडेच जाणार. आणि तुम्ही डबी शोधायची सोडून माझी नजर शोधाल.”

काकू, हे वाक्य मी किती जणांना सांगितलंय म्हणून सांगू!

तुम्ही तशाच बसून राहिलात, पाऊण तास तरी. आणि गप्पही बसला नाहीत. तुमची शांतता माझ्या मानगुटीवर बसेल हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून तुम्ही बोलत राहिलात, समोरच्या झाडांशी बोलावं तसं. हा छंद मुळात सुरू कसा झाला ते सांगितलंत. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचावरून फिरतात, पण सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिकी लष्कराने मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे 2000 च्या सुरुवातीला ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत सगळ्यांच्या हातातली यंत्रं दसपट नेमकी झाली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल, आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा. नियम एकच: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. माइक टीग नावाच्या माणसाला ती पहिल्यांदा सापडली. तेव्हा याला जिओकॅशिंग हे नावही नव्हतं, ते त्याच महिन्याच्या शेवटी कुणीतरी सुचवलं.

मेळाव्यात एका जाणकाराने हीच हकिकत सगळ्यांना ऐकवली होती, तारखांसकट. तेव्हा ती परीक्षेसारखी वाटली होती. तुमच्या तोंडून ऐकताना त्या बादलीतला तो डबा मला डोळ्यांपुढे दिसत होता आणि माझे हात आपोआप सावकाश झाले होते.

मधेच तुम्ही विचारलंत, “फोन अजून हातातच आहे का?” होता. “ठेवून द्या आता. त्याचं काम संपलं. तो तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत आणतो, झाडाखाली किंवा भिंतीपाशी तेवढंही नाही. पुढचं आपलं आपण.” एवढी एकच मदत तुम्ही शोधाबाबत केलीत. संकेतस्थळावर डबीसोबत सांकेतिक अक्षरांत दिलेली हिंटसुद्धा सांगितली नाहीत. ती मी आधीच उलगडली होती, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून, आणि निघाला होता एकच शब्द: चुंबक. जिकडे हात लावावा तिकडे लोखंडच लोखंड असलेल्या पुलावर त्या शब्दाचा उपयोग तो काय!

फोन पिशवीत टाकला. दोन्ही हात मोकळे झाले. मी डोळ्यांनी बघणंही सोडून दिलं आणि खालच्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूने बोटं फिरवत निघाले. सकाळची वेळ, लोखंड गार पडलेलं. गार, गार, गंजाचा खरखरीतपणा, एक नट, पुन्हा गार. आणि मग एके ठिकाणी बोटं थांबली, कारण तिथे गार नव्हतं. आकार नटासारखा, रंग कठड्याचाच, पण लोखंडाचा गारवा नाही. प्लास्टिक होतं. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी, कठड्याच्या रंगाने रंगवलेली, बुडाला चुंबक. तिसऱ्या खेपेला मी तिच्यावरून निदान चारदा नजर फिरवली असेन.

मी ओरडले नाही. का कोण जाणे, आवाजच फुटला नाही. चुंबकाची पकड सोडवली, झाकण उघडलं. तो बारीक ‘टक्’ आवाज तुम्ही नक्की ऐकला असणार. तुमचं बोलणं एका शब्दापाशी थांबलं. पण तुम्ही वळला नाहीत. मी सुरळी बाहेर काढली आणि पिशवीत पेन शोधायला लागले. ते होतं, पण चालेना, कागदाला थोडी ओल लागलेली होती. मी पेन झटकतेय, तळहातावर गिरवून बघतेय.

आणि तुम्ही, न वळता, उजवा हात खांद्यावरून मागे केलात. हातात पेन्सिलचा तुकडा होता. बोटाएवढा, दोन्ही बाजूंनी टोक केलेला.

काकू, आभार खरं तर त्या हाताचे आहेत. बाकी सगळं मी कदाचित विसरेन, आकड्यांचं गणित, बादलीची गोष्ट. पण तो मागे आलेला हात, आणि समोरच राहिलेलं तोंड, हे विसरणार नाही. सही होईपर्यंत तो क्षण माझा एकटीचा आहे, असं तुम्ही ठरवलं होतंत आणि शेवटपर्यंत पाळलंत. मी सही केली, सुरळी आत घातली, झाकण दाबलं, डबी होती तिथे चिकटवली. मगच म्हटलं, “झालं, काकू.” तेव्हा तुम्ही वळलात. माझ्या तोंडाकडे बघितलंत, कठड्याकडे नाही. डबी नीट बसवलीय का हे निदान माझ्यादेखत तरी तपासलं नाहीत.

मी रडले, ते तुम्ही बघितलंत. एवढ्याशा डबीसाठी कुणी रडतं का, असं तुम्ही म्हणाला नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. जगात आज अशा तीस लाखांहून जास्त डब्या लपवलेल्या आहेत. त्यांवर कुलूप नाही, राखण नाही. कुणीही उचलून फेकून द्यावी इतकं सोपं आहे, आणि काही जातातही. पण बहुतेक डब्या तिथेच असतात, कारण दरवेळी एक अनोळखी माणूस तिला होती तशी परत ठेवून जातो, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या पुढच्या माणसासाठी. आणि त्यामागे तुमच्यासारखी माणसं असतात, जी रविवारी सकाळी उठून ओला कागद बदलायला जातात, जुनं चुंबक काढून नवं चिकटवतात, आणि तीन वेळा हरलेल्या एका बाईच्या नोंदी ओळ न् ओळ वाचतात. यातल्या कशाचाही पैसा मिळत नाही, टाळी वाजत नाही. सज्जनपणा म्हणजे फार मोठं काहीतरी असतं असा माझा समज होता. आता मला तो कागद बदलणाऱ्या हातांत दिसतो.

आणि न सापडल्याची नोंद करू नका म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं कुणा नवख्याला सांगू नका. डबी हरवली असेल तर लपवणाऱ्याला त्याच नोंदींतून कळतं. माझ्या बाबतीत तर डबी जागेवर होती, हरवले होते मी, आणि तेही त्या नोंदींतूनच कळलं.

त्यानंतर मी आणखी अकरा डब्या शोधल्या. एकटीने. एक पावसात, एक दोन टप्प्यांची, जिच्या पहिल्या डबीत दुसरीचे आकडे होते. माझा भाचा आता बरोबर येतो. परवा त्याने एका ओंडक्याभोवती वीस मिनिटं घातली. डबी मला पहिल्या मिनिटाला दिसली होती. मी त्याच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसले. फार अवघड जातं हो ते, काकू. दर अर्ध्या मिनिटाला मान वळायला बघते. तुम्ही पाऊण तास कशा बसलात?

एक राहिलं. तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली. घाईत पिशवीत गेली आणि घरी आल्यावर सापडली. तुमची ती दुसरी डबी आहे ना, टेकडीवरची, मोठी, ज्यात वस्तू ठेवता येतात, ती शोधायला मी दोनदा जाऊन आले. दोन्ही नोंदी तुम्ही वाचल्याच असतील. हिंट उघडलेली नाही आणि उघडणार नाही. तुम्ही काही कळवू नका. ती सापडेल तेव्हा पेन्सिल आत ठेवीन, टोक करून. पुढच्या वेळी कागद बदलायला वर जाल तेव्हा बघा.

तुमची,
दगडी भिंतवाली